सोडायचा ठोका

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही, आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. माझा थोरला भाऊ हॉस्पिटलात शेवटच्या दुखण्यात होता, तेव्हा ‘आपल्या गावच्या पालखीचा ढोल’ म्हणून मी त्याला जो ऐकवला, तो आमच्या गावचा नव्हता. भलत्याच गावचा होता. वाटेत स्कूटर थांबवून मोबाइलवर घेतलेला.

लिहून पाहतो तर चार ओळीही धड भरल्या नाहीत. चार वर्षं छातीवर बसलं होतं ते एवढंच? की मी अजून सगळं लिहिलेलंच नाही? बहुधा तसंच असावं. लिहिता लिहिता बघू, किती धीर होतो ते.

परवा बाजारात एका बाईच्या टोपलीत सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, दिसले. सुरंगीचा वास नाकात गेला की रत्नागिरीत कॅलेंडर बघावं लागत नाही. शिमगा आला. सड्यांवरचं, म्हणजे कातळाच्या माळांवरचं, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, काजूची बोंडं खाली पडून आंबूस वास सुटलेला असतो, बागांतून पहिल्या आंब्याच्या पेट्या भरायला घेतात, आणि मुंबईची माणसं सुट्ट्या टाकून गावाला येतात, कारण देवी देवळातून बाहेर पडून पालखीत बसते आणि घरोघर येते. इतर सणांना आपण देवाकडे जातो. शिमग्यात देव आपल्याकडे येतो. मग तो ज्याच्याकडे येत नाही, त्यानं काय समजायचं?

वळेसर घेतला. बायको म्हणाली, “आज काय विशेष?” मी म्हटलं, “काही नाही, दिसला म्हणून.” वळेसर अजून कपाटावर आहे. वाळला तरी वास जात नाही त्याचा.

त्याच दुपारी सायलीचा फोन आला. ही सायली म्हणजे हॉस्पिटलात फार आजारी असलेल्या माणसांसाठी गाणारी मुलगी. मुलगी म्हणतो, पण तिशीतली बाई आहे. पुण्याला संगीतोपचाराचं शिकून आली. आठवड्यातून दोनदा, दुपारी, मांडीएवढं स्वरमंडळ आणि एक लहानसा स्पीकर घेऊन वॉर्डात यायची. अजून येते.

“काका, तुमच्या दादांचं ते ढोलाचं रेकॉर्डिंग आहे ना, त्याबद्दल मी अजून लोकांना सांगते हो,” ती म्हणाली. “आता असं मनात आहे, की तुमच्या गावच्या त्या ढोलवाल्यांनाच एकदा वॉर्डात बोलवावं. हळू वाजवतील ना? धोंडू ना त्यांचं नाव? दादा ज्यांचं नाव घ्यायचे तेच. विचाराल का?”

मी म्हटलं, “बघतो.”

मी आयुष्यभर ‘बघतो’ म्हणत आलो. सरकारी कचेरीत नोकरी केली, तिथं तो शब्द फार उपयोगी पडतो.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे मला शिकायला रत्नागिरीत ठेवलं ते त्यानंच. स्वतः गावाला राहिला. थोडी भातशेती, थोडे काजू, दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागा राखायच्या, आणि शिमग्यात पालखीपुढचा ढोल. वर्षातले साडेअकरा महिने तो कोणी नव्हता; त्या पंधरा दिवसांत मात्र अख्खं गाव त्याच्या हाताकडे बघून चालायचं. खरंच चालायचं, पालखी त्याच्या हातावर नाचायची ना.

फुप्फुसाचं दुखणं निघालं तेव्हा फार उशीर झालेला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता त्रास कमी करणं एवढंच आपल्या हातात. मी मान हलवली. आत आलो तर दादा म्हणाला, “काय बोलला रं डॉक्टर?” मी म्हटलं, “आराम करा म्हणाला.” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “व्हय. आता तोच करायचाय.” त्याला कळलं होतं की नव्हतं? त्या दिवसांतल्या प्रत्येक गोष्टीपुढे मला हाच प्रश्न लिहावा लागतो.

सायली पहिल्यांदा आली त्या दिवशी तिच्या हातात एक कागद होता. पेशंटला कोणतं संगीत आवडतं, कोणतं नको वाटतं, लहानपणी घरात काय ऐकलं जायचं, असे प्रश्न. दादाला धाप लागली होती म्हणून तिनं मला विचारलं. मी, न विचार करता, म्हणालो, “अभंग. भजनं. आमचं घर धार्मिक आहे.”

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. शहरातल्या बाईसमोर, पांढऱ्या चादरींच्या त्या वॉर्डात, ‘ढोल’ म्हणायला मला लाज वाटली. अडाणी वाटेल असं वाटलं. चाळीस वर्षं रत्नागिरीत राहून मी एवढा शहाणा झालो होतो.

मग तिनं अभंग म्हटला. आवाज चांगला होता, ओढ लावणारा. दादानं डोळे मिटले. मला वाटलं, लागला जीव. कडवं संपलं, तसा तो डोळे न उघडता म्हणाला, “बाबू.” मला तो बाबू म्हणतो. म्हणायचा.

“काय दादा?”

“मी मेलो काय रं?”

“असं काय बोलतोस?”

“मग आताच भजन कशाला लावलंत? अजून हाय मी. वायच थांबा की.”

आमच्याकडे माणूस गेलं की अंगणात भजन बसवतात. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. सायली गोरीमोरी झाली, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. “गप ऱ्हावा हो तुमी! चांगली गाते ती पोर,” म्हणाली. दादाही हसला, हसताना खोकला आला, आणि मग बराच वेळ फक्त खोकलाच होता.

समोरच्या खाटेवर एक म्हातारे तांडेल होते. उभा जन्म मासेमारीच्या लाँचवर गेलेला. सायलीनं त्यांना विचारलं, काय ऐकायला आवडेल? ते म्हणाले, “गाणं नको बाई. इंजिन ऐकव.” सगळा वॉर्ड हसला. ती नाही हसली. पुढच्या खेपेला ती खरोखर मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊन, ओळखपाळख नसताना, कुठल्याशा लाँचच्या इंजिनाचा आवाज घेऊन आली. उशीजवळ स्पीकर ठेवला. घरघर, घरघर, मधेच पाण्याचा चपचपाट. तांडेलांनी पाय लांब केले. “आता बंदरातनं बाहेर पडला,” ते म्हणाले. थोड्या वेळानं, “आता मोकळा.” आणि झोपले. त्यांच्या सुनेनं मला सांगितलं, तीन दिवसांत पहिल्यांदा असे झोपले.

परकी बाई एका परक्या माणसासाठी उन्हातान्हात जेटीवर गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

ती काय करते ते मी एकदा विचारलं होतं. तिनं अगदी साधं सांगितलं. “आधी पेशंटच्या श्वासाच्या चालीनं जायचं, काका. तो धापत असेल तर आपणही भरभर. त्याला सोबत आहे असं वाटलं पाहिजे. मग आपण हळूहळू सावकाश व्हायचं, आणि बघायचं तो मागून येतो का.”

“आणि नाही आला तर?”

“तर आपण परत त्याच्यापाशी जायचं.”

“यानं बरं होतं माणूस?”

“नाही,” ती म्हणाली. “बरं वाटतं. कधी कधी तेवढंही नाही.”

कोणत्या दिवशी ते नक्की आठवत नाही, मंगळवार की शुक्रवार, पण तिच्या लक्षात आलं की दादाची बोटं खाटेच्या लोखंडी दांडीवर सारखी चालू असतात. मला तो चाळा वाटला होता. तिनं स्वरमंडळ बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसतं ऐकलं.

“दादा, काय वाजवताय?”

दादा लाजला. एवढा मोठा बाप्या, पण लाजला. “काय नाय. शिमगा हाय ना.”

“ढोल?”

मग तो बोलायला लागला. गेले कित्येक दिवस पाण्यापुरतं आणि दुखण्यापुरतं बोलणारा माणूस, दम खात खात, अर्धा तास बोलला. प्रत्येक गावच्या ढोलाची चाल निराळी असते. शेजारच्या गावची पालखी डोंगरापलीकडे वाजली तरी आम्हाला कळतं, ही आपली नाही. आमच्या चालीत एक ठोका सोडायचा असतो. सात ठोके वाजवायचे आणि आठवा हात वर नेऊन तसाच ठेवायचा. त्या रिकाम्या जागेत पालखीची पुढची जोडी खांदा काढते आणि नवी जोडी खांदा देते. “तिथं वाजवलास की संपलं,” दादा म्हणाला. “माणूस गडबडतो. देवी हिंदकळते. वाजवायला काय, कोन पन वाजवील. तो एक सोडता आला पायजे.”

आणि त्यानं तिच्यापुढे दांडीवर वाजवून दाखवलं. सात वेळा बोट. आठव्याला वर उचललेलं. त्याच्या त्या वर थांबलेल्या बोटाशी त्याचा श्वासही थांबला होता, आणि मग दोन्ही बरोबर खाली आले. सायली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “श्वास बघितलात?”

तेव्हा तिनं मला सांगितलं, की कसंही करून या ढोलाचा आवाज आणा. इंटरनेटवरचा नको. त्यांच्याच गावचा.

आणि दादानं मला जवळ बोलावलं. “बाबू, धोंड्याकडे जाशील? सांग, दादानं सांगितलाय, एकदा माज्यासाठी वाजवून धाड. वायच सावकाश. आठवन काढतो म्हणावं मी तुजी.”

मी म्हटलं, “बघतो.”

आता इथं मला ते लिहावं लागणार, जे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि रत्नागिरीत कोणालाच नाही.

आमच्या घराला पालखीचा पहिला मान होता. देवळातून निघाली की पहिली आमच्या अंगणात. देवीची पहिली ओटी आमच्या घरची, मग बाकीचं गाव. एका वर्षी वरच्या वाडीला डांबरी रस्ता झाला, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना बरोबर चालता यावं म्हणून गावकीनं पालखीची वाट बदलली. नव्या वाटेवर आमचं घर तिसरं आलं. दादाला कसलंच काही वाटलं नाही. तो तर ढोल वाजवत पुढे होता. मी मात्र शहरातून सुट्टी काढून आलेला, इस्त्रीच्या कपड्यांतला, चार लोक ‘साहेब’ म्हणणारा. पालखी अंगणात आली, वहिनी नारळ आणि खण ताटात घेऊन उभी राहिली, आणि मी पडवीत हाताची घडी घालून म्हणालो, “पहिला मान असेल तर थांबा. तिसरा आम्हाला नको. चालू लागा.”

ढोल थांबला. तो दादाच्याच गळ्यात होता. गळ्यात ढोल, हातात वाजवायचं टिपरू, आपल्याच घराच्या अंगणात उभा, आणि धाकटा भाऊ पडवीतून देवीला परत पाठवतोय. त्यानं ढोलावरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर कसली होती, रागाची की नुसती थकलेली, मला अजून ठरवता येत नाही. एक शब्द बोलला असता तर मी ऐकलं असतं. असं मी म्हणतो. ऐकलं असतं का?

पालखी फिरली. मी रत्नागिरीला येऊन, पहिला मान परत मिळावा म्हणून, गावकीविरुद्ध सरकारदरबारी अर्ज केला. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. गावकीनं ठरवलं, वाद मिटेपर्यंत त्या घरी पालखी नाही. पुढच्या शिमग्याला दादा माळ्यावरून ढोल काढायला लागला, तेव्हा मीच म्हणालो, “आपल्या दारात पालखी येत नाही आणि तू त्यांच्यापुढे ढोल बडवत फिरणार? लाज आहे की नाही?”

त्यानं ढोल खाली ठेवला.  संध्याकाळी धोंडू आला. तोवर तो दादाच्या बाजूला ताशा वाजवायचा. दादाच्या हाताखालीच शिकलेला. अंगणात उभा राहून म्हणाला, “दादा, तुमी नाय तर कोन?” दादानं आपलं टिपरू त्याच्या हातात दिलं. “तू,” म्हणाला. “आठवा सोड, बाकी देवी बगून घेईल.”

त्या दिवसापासून दादानं ढोलाला हात लावला नाही. नऊ वर्षं. हॉस्पिटलच्या खाटेच्या दांडीपर्यंत.

तर अशा गावात मला जायचं होतं. धोंडूपुढे उभं राहून म्हणायचं होतं, दादासाठी वाजव.

गेलो. खोटं कशाला सांगू, निघालो होतो. सकाळी स्कूटर काढली. गणपतीपुळ्याच्या अलीकडून आत वळलं की चढ लागतो, मग सडा, मग आमच्या गावाचा फाटा. फाट्यावर पोचलो आणि खालून ढोल ऐकू आला. सात ठोके, आणि थांबला. सात ठोके, आणि थांबला.  वळणावरून खाली पालखी दिसत होती, गुलाल दिसत होता, आणि पालखीपुढे पाठमोरा, पांढऱ्या टोपीतला धोंडू. दोनशे पावलं असतील. तिथंच उभं राहून मोबाइल वर धरला असता तरी चाललं असतं. तेही मी केलं नाही. का? मी अनेकदा स्वतःला विचारलंय. गावकीतलं कोणी म्हणेल, ‘काय साहेब, आता बरा आठवला ढोल?’ ही भीती होती, हे खरं. पण त्याहून एक गोष्ट होती. धोंडू असं काही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं. तो ताबडतोब म्हणाला असता, ‘चला, आत्ता येतो.’ गळ्यातला ढोल घेऊन स्कूटरवर मागे बसला असता. ते मला सोसलं नसतं.

स्कूटर वळवली. परत येताना सड्यावरून न येता समुद्राच्या रस्त्यानं आलो. आरे-वारेच्या चढाजवळ दुसऱ्याच कुठल्यातरी गावची पालखी रस्त्यात नाचत होती. पर्यटक गाड्या थांबवून फोटो काढत होते. मीही मोबाइल काढला. तीन-चार मिनिटं घेतलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं, काय फरक पडतो? ढोल तो ढोल. आजारी माणूस आहे, गुंगीत आहे, त्याला बरं वाटल्याशी कारण.

शुक्रवारी सायलीनं ते स्पीकरवर लावलं. दादाच्या उशाशी वहिनीनं सुरंगीचा वळेसर ठेवला होता. मी म्हटलं, “धोंडूनं धाडलंय.” हे मी म्हटलं. कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या ठोक्याला दादाचा चेहरा उघडला. दुसरा शब्द सुचत नाही. बंद पडलेल्या घराची खिडकी उघडावी तसा. बोट दांडीवर गेलं. एक, दोन, तीन, त्यानं धरलं. सात. आणि आठव्याला त्याचं बोट वर गेलं, आणि त्या परक्या गावच्या ढोलानं आठवा वाजवला.

बोट वरच राहिलं. पुढचे ठोके त्याच्या खालून निघून गेले. परत त्यानं पकडलं, परत सातानंतर वर नेलं, परत तिथं ठोका पडला. तिसऱ्या खेपेला त्यानं बोट उचललं नाही. वाजत होतं त्याच्याबरोबर, सरळ, न सोडता, वाजवत राहिला.

मी हे सगळं पाहिलं. सायली त्याचा श्वास बघत होती, वहिनी त्याचं तोंड. बोट फक्त मी बघत होतो.

संपल्यावर त्यानं बोट दांडीवरून काढलं. मग म्हणाला, “घाई करतो आता धोंड्या. आठवा भरून टाकतो.” थोडं थांबून, “सांग त्याला. सोडायचा म्हणावं. रागवू नको, नुसता सांग.”

आणि माझ्या हातावर हात ठेवून, “गेलास पन तू. बरा झाला.”

मग तो झोपला. शांत झोपला, हे मला मान्य केलंच पाहिजे. श्वास सावकाश झाला. सायलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वर बघून हसली. तिचे डोळे भरले होते. वहिनी मला म्हणाली, “भावजी, तुमचं लय उपकार झालं.”

आता सांगा, काय समजू मी? त्याला कळलं होतं का? कळलं असेल, तर ‘गेलास पन तू’ हे त्यानं मला दिलेलं दान होतं. मरता मरता धाकट्याची अब्रू झाकली. आणि कळलं नसेल, तर आपला ठोका गावातून गेला, आपण ज्याच्या हातात टिपरू दिलं त्यानंच तो घालवला, असं समजून तो गेला. पहिलं खरं असेल तर मी त्याच्यापुढे उघडा पडलो. दुसरं खरं असेल तर मी धोंडूचा हात त्याच्यापुढे बदनाम केला. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. बाजारात जाताना एक, येताना दुसरं. आणि तो झोपला ते कशानं, हेही कळत नाही. ढोलानं? मी गावाला गेलो या समजुतीनं? की नुसता थकून? खोट्या औषधानं खरी झोप लागली तर ते औषध म्हणायचं की नाही, हे सायलीला विचारावं असं कितीदा वाटलं. पण विचारायला आधी सांगावं लागतं.

तो चैत्र लागता लागता गेला. अंगणात भजन बसलं. अभंग तोच निघाला, पहिल्या दिवशी सायलीनं म्हटलेला. “वायच थांबा की,” असं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, आणि मला हसू आलं. लोकांना वाटलं, मी रडतोय.

धोंडू पहिल्यापासून सगळ्यांत होता. लाकडं त्यानंच फोडली. माझ्याशी बोलला नाही. दहाव्याला सगळं आटोपल्यावर, मी नदीवर पाय धूत होतो, तेव्हा जवळ येऊन उभा राहिला. केस अर्धे पांढरे झालेले. तळहाताला टिपराचा घट्टा.

“बाबूशेट,” म्हणाला, “एक इचारू? दादानं कवा माजी आठवन काढली काय?”

 सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. ढोल मागितला, मी आलो नाही, दुसरा ऐकवला, त्यात तुझा ठोका चुकला. मी नदीच्या पाण्याकडे बघत म्हणालो, “त्याला शेवटी शेवटी शुद्धच नव्हती रे.”

“व्हय,” तो म्हणाला. “दुकनंच तसला.” आणि क्षणभरानं, “मला वाटला, एकदा तरी बोलवतील.”

इथवर लिहायचं होतं मला. वर जे चार ओळींत लिहिलं होतं, ते यापुढे काहीच नाही.

दरवर्षी शिमग्याला वहिनी नारळ आणि खण घेऊन अंगणाच्या दगडी गडग्याशी उभी राहते. पालखी रस्त्यानं जाते, अंगणात येत नाही. माझा तो अर्ज कुठल्यातरी सरकारी कपाटात पिवळा पडत असेल. वहिनी म्हणते, गडग्यासमोर आली की धोंडू ढोल जरा जास्तच हळू वाजवतो. मी विचारलं, “आठवा सोडतो का?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “भावजी, त्यो सोडल्याबिगर आपली देवी चालंल काय?”

सायलीचा फोन येऊन दोन दिवस झाले. काल परत आला. मी म्हटलं, उद्या सांगतो. तिला वाटतं, मी धोंडूच्या तारखा बघतोय.

माझ्याकडे धोंडूसाठी दादाचे दोन निरोप आहेत. एक, दादानं त्याची आठवण काढली होती आणि त्याच्या हातचा ढोल मागितला होता. दुसरा, आठवा सोड. पण तो निरोप देताना मला हेही सांगावं लागेल, की तो कधी चुकलाच नव्हता, दादानं जो ऐकला तो ढोल त्याचा नव्हता. आणि अर्ज मागे घ्यायचा आहे. यांतलं एकही मी अजून केलेलं नाही.